मुकं बटण

संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, मी पुण्यात ऑफिसमधून निघून बसची वाट बघत उभा, आणि मामीचा फोन. कसा आहेस, जेवलास का, काही नाही, पहिलंच वाक्य, "आरं, तुझं बटान मुकं हाय." मला आधी वाटलं शर्टाबिर्टाचं काहीतरी बोलतेय. मग मागून किटल्यांचा आवाज आला, कुणीतरी "माझं आधी घ्या की वयनी" म्हणून ओरडत होतं, तेव्हा ट्यूब पेटली की फोन डेअरीतून आहे आणि प्रकरण माझ्या सॉफ्टवेअरचं आहे.

डेअरी म्हणजे फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. सांगली जिल्ह्यातलं छोटं गाव, मामाच्या घराची पुढची खोली, त्यात वजनकाटा, फॅटचं मशीन, कॅन, आणि सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारी पंचवीसेक माणसं. गाईचं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), म्हशीचं ६ आणि ९, हा पाया धरायचा आणि त्याच्या वर-खाली जेवढे पॉइंट जातील तसा दर चढतो नाहीतर उतरतो. मामी हे सगळं वहीत लिहायची, दर दहा दिवसांनी मामा कॅल्क्युलेटर घेऊन बसायचा आणि त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. २०१७ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो होतो तेव्हा हे बघून मी छाती पुढे काढून म्हणालो, मामा, हे मी तुम्हाला कॉम्प्युटरवर करून देतो, चार बटणं तर लागतील.

चार बटणं. हे वाक्य मला अजून कुणी ना कुणी ऐकवतं.

बटणाशी माझी ओळख तशी जुनी. कॉलेजात प्रॅक्टिकलला प्रोग्रॅम लिहायचं व्हिज्युअल बेसिक ६ होतं, तिथे डावीकडच्या पट्टीतून एक चौकोन उचलायचा, फॉर्मवर सोडायचा, की त्याच्यावर आपोआप 'कमांड१' असं नाव यायचं. दुसरा टाकला की कमांड२. त्याच्यावर डबल क्लिक केलं की कोड लिहायची जागा उघडायची. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची प्रोजेक्टं व्हायव्हापर्यंत कमांड१, कमांड२, कमांड३ अशीच होती, एक्स्टर्नल विचारायचे ह्यातलं सेव्ह कुठलं, आणि पोरगं स्वतःच दाबून बघायचं. तेव्हा हसलो, पण तेव्हापासून डोक्यात एक बसलं ते चुकीचंच बसलं, की बटण करणं म्हणजे चौकोन काढणं.

मामासाठी मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात खिडक्या-बटणं करून देणारं टीकिंटर घेतलं. कारण काय तर फुकट आहे, पायथनबरोबरच येतं (उबुंटू नावाच्या लिनक्सवर वेगळं टाकावं लागतं, ते सोडा) आणि मामाचा डेस्कटॉप इतका जुना की त्याच्यावर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सशिवाय काही चाललं नसतं. टीकिंटर म्हणजे टीके इंटरफेस. हे टीके मूळचं पायथनचं नाहीच, ते जॉन ऑस्टरहाउट नावाच्या, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या प्राध्यापकाचं. झालं असं की हे लोक चिप डिझाइनची टूल्स लिहायचे आणि प्रत्येक टूलला स्वतःची एक मोडकीतोडकी कमांडची भाषा असायची, त्याला कंटाळून त्याने १९८८ मध्ये टीसीएल नावाची छोटी भाषा लिहिली, जी कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चिकटवता येईल, आणि मग तिच्यावर खिडक्या-बटणांसाठी टीके, जे १९९१ मध्ये लोकांच्या हातात पडलं. त्या काळात खिडकीत एक बटण दाखवायचं म्हणजे सी भाषेत पानंच्या पानं खरडायला लागायची आणि ह्याने ते दोन ओळींवर आणलं, एका ओळीत बटण, त्याच्यावरचा मजकूर आणि दाबल्यावर काय करायचं ते, दुसऱ्या ओळीत ते खिडकीत बसवायचं. १९९७ मध्ये एसीएम ह्या कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेचं सॉफ्टवेअर सिस्टीमचं बक्षीसही मिळालं त्याला. आज नवी पोरं टीकिंटर म्हणलं की नाक मुरडतात, दिसायला जुनं वाटतं म्हणून, पण पायथनबरोबर येणारं आयडल ज्याच्यात हीच पोरं पहिला प्रोग्रॅम लिहितात ते टीकिंटरमध्येच लिहिलंय.

दिसण्याचं म्हणाल तर मला ते जुनं बटण आवडतं. राखाडी चौकोन, वरच्या आणि डाव्या कडेला उजळ रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद, बास, एवढ्यावर डोळा फसतो आणि तो चौकोन स्क्रीनमधून वर आल्यासारखा वाटतो. दाबलं की रेघांची अदलाबदल होते आणि तो आत गेल्यासारखा दिसतो. म्हणजे सगळा खेळ उजेड वरून डावीकडून येतोय ह्या एका समजुतीवर. टीकेमध्ये ह्या ऑप्शनचं नाव रिलीफ, किंमती रेझ्ड, संकन, फ्लॅट, ग्रूव्ह, रिज, सॉलिड. पुढे सगळीकडे सपाट बटणांची फॅशन आली, आता कित्येक ॲपमध्ये मला साधा मजकूर कुठला आणि बटण कुठलं हेच कळत नाही, बोट लावत फिरावं लागतं. माझं वय झालं असेल. पण मामीच्या स्क्रीनवर मी रेझ्डच ठेवलं.

तर पुण्यात रात्री बसून लिहायला घेतलं. पायथन ३ मध्ये फंक्शनला, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, मराठी नाव देता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मी हौसेने नोंद_कर, बिल_छाप अशी नावं दिली आणि बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगताना कमांड = बिल_छाप असं लिहायचं ते सवयीने पुढे कंसाची जोडी टाकली. आता ह्या एका कंसाने होतं काय, तर पायथन ती ओळ वाचतानाच फंक्शन चालवतो, आणि फंक्शनने परत काय दिलं, तर काहीच नाही, ते 'काहीच नाही' बटणाला जोडतो. म्हणजे प्रोग्रॅम उघडला रे उघडला की कुणी हात लावायच्या आधीच प्रिंटर खरखरून कोरं बिल बाहेर काढतो, आणि नंतर बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म. आचाऱ्याचा नंबर दे म्हणून सांगितलं तर पठ्ठ्याने आचाऱ्यालाच बोलावला, स्वयंपाक करून घेतला, भांडी घासून परत पाठवला, आणि लग्नाच्या दिवशी मांडवात चूल थंड. कंस काढला की सुरळीत. टीकिंटर शिकणारा एकही माणूस मी बघितला नाही जो ह्या खड्ड्यात पडला नाही. दुसरा खड्डा त्याच्या शेजारीच, बटण तयार करून त्याच ओळीत त्याला पॅक करायचं, म्हणजे खिडकीत बसवायचं, आणि ते सगळं मिळून एका नावात ठेवायचं. पॅक काही परत देत नाही त्यामुळे नावात बटण नसतंच, आणि दहा ओळींनंतर त्याचा रंग बदलायला गेलं की पायथन म्हणतो ह्या 'नन'ला, म्हणजे 'काहीच नाही'ला, असलं काही नसतं. ह्यात माझी एक अख्खी रात्र गेली, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन गावी गेलो. माझ्या लॅपटॉपवर विंडोज, तिथे सगळं झकास दिसत होतं. मामाच्या लिनक्सवर प्रोग्रॅम उघडला, मामा-मामी दोघंही मागे उभे, आणि मामीने वाचलं, "हे बलि काय म्हनायचं? कुनाचा बळी?"

बघतो तर खरंच. बटणावर 'बिल' लिहिलं होतं आणि दिसत होतं 'बलि'.

गंमत अशी आहे की आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षराच्या नंतर आणि लिहिण्यात अक्षराच्या आधी. कॉम्प्युटरच्या पोटात ती उच्चाराच्या क्रमाने ठेवलेली असते, आधी ब, मग वेलांटी, मग ल. दाखवताना तिला उचलून ब च्या पुढ्यात नेऊन बसवायचं काम कुणीतरी करावं लागतं. विंडोजमध्ये ते सिस्टीम करते. लिनक्सवरचं टीके ८.६ मात्र अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडतं, त्यामुळे वेलांटी ब च्या मागे राहिली आणि मागे कोण तर ल, तिने ल ला कवेत घेतलं आणि बिलाचा बलि झाला. 'गाय' नीट उमटली, तिला ना वेलांटी ना जोडाक्षर. 'म्हैस' मात्र म चा पाय मोडून, खाली ती तिरकी शेपूट तशीच लटकत, आणि शेजारी है वेगळा. मामा म्हणाला, "म्हशीचा पाय मोडला की रं." जोडाक्षरातल्या त्या चिन्हाला शाळेत पाय मोडणंच म्हणायचे आम्हाला, त्यामुळे चूक इतक्या अचूक शब्दात सांगणारा युजर मला पुन्हा भेटला नाही.

आता हे दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं, ते टीकेच्या पोटातलं काम. मग पळवाट. लॅपटॉपवर पेंटमध्ये मोठ्या अक्षरात बिल, म्हैस, गाय, नोंद लिहून पीएनजी चित्रं केली आणि बटणावर मजकुराच्या जागी चित्र लावलं. चालू केलं तर बटणं कोरी करकरीत. कारण चित्र मी फंक्शनच्या आत उघडलं होतं, फंक्शन संपलं की पायथनला वाटलं ह्याचं आता कुणी नाही, त्याने कचऱ्यात टाकलं. टीकेकडे चित्राचं नाव आहे, चित्र नाही. ते चित्र कुठेतरी धरून ठेवायला लागतं, साधारणपणे बटणाच्याच अंगाला चिकटवून. तेवढं केल्यावर चित्र आलं पण दोरीएवढं. का तर मजकूर असताना रुंदी दहा म्हणजे दहा अक्षरं, आणि चित्र असताना तीच दहा म्हणजे दहा पिक्सेल. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि कोणता धरायचा ते बटणाच्या मनावर. असो. दुपारचं जेवण थंड झालं पण म्हैस चार पायांवर उभी राहिली.

सभासदांची नावं मात्र पंचवीस, त्यांची कुठे चित्रं काढत बसू. मामी म्हणाली नावं कशाला, सगळ्यांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. मग एक ते पंचवीस आकड्यांची बटणं, पाच ओळी, पाच रांगा, ग्रिडमध्ये. लूप फिरवला, प्रत्येक फेरीत एक बटण आणि त्याच्या कमांडला लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, की हे दाबलं तर हा नंबर निवड. झालं, संध्याकाळचं दूध सुरू झालं, मामी एका हाताने किटली घेतेय, दुसऱ्या हाताने नंबर दाबतेय, माणसं म्हणतायत चला डेअरी डिजिटल झाली, मी मागे खुर्चीवर पाय पसरून चहा पितोय, असं वाटत होतं कुणीतरी फोटो काढावा.

रात्री मामाने यादी काढली तर सगळ्या गावाचं दूध पंचवीस नंबरवर.

पंचवीस नंबर ज्या आण्णांचा त्यांच्याकडे एक म्हैस, ती पण आटत आलेली. त्यांच्या नावावर एका वेळचं एकशे चाळीस लिटर. सकाळी आण्णा आले तेव्हा मामाने त्यांना चिठ्ठी दाखवली, आण्णांनी शांतपणे वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "राहू दे की. यंत्र खोटं बोलत न्हाय."

लॅम्डाचा स्वभाव असा की तो बटण तयार होताना नंबर किती आहे ते लिहून घेत नाही, तो फक्त 'नंबर कोणत्या खुर्चीत बसलाय' एवढं लक्षात ठेवतो, आणि दाबलं की जाऊन त्या खुर्चीत बघतो. लूप संपेपर्यंत खुर्चीत एक येऊन गेला, दोन येऊन गेला, आणि शेवटी बसून राहिला पंचवीस. पंचवीसच्या पंचवीस बटणं एकाच खुर्चीकडे बोट दाखवतायत. उपाय दोन शब्दांचा, लॅम्डाच्या कपाळावरच नंबर = नंबर असं लिहायचं, म्हणजे जन्मताच किंमत त्याच्याजवळ राहते. आणि मी टेस्ट का नव्हती केली, तर केली होती, एकच बटण दाबून बघितलं होतं, जे माऊसच्या सगळ्यात जवळ होतं. कोपऱ्यातलं. पंचवीस नंबरचं.

हे सगळं निस्तरून पुण्याला आलो आणि मग तो फोन. बटान मुकं हाय.

झालं होतं असं की नोंद दाबलं की प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहायचा आणि छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी पाठवायचा. प्रिंटर झोपलेला असला तर त्याला जागं व्हायला तीन-चार सेकंद. तेवढा वेळ माझं फंक्शन त्याच्या दारात उभं, आणि फंक्शन परत येत नाही तोवर टीके दुसरं काहीच करत नाही, खिडकी रंगवत नाही, माऊस बघत नाही, आत दबलेलं बटण वर सुद्धा येत नाही. मामीच्या बाजूने बघा, दारात दहा माणसं, हात दुधाने ओले, बटण दाबलं, काही हललं नाही. मग माणूस काय करेल, परत दाबेल. अजून काही नाही, अजून जोरात दाबेल. जोरात दाबल्याने माऊसला काय फरक पडतो हे सांगायला सोपं आहे, पण लिफ्टचं बटण तुम्ही आम्ही काय वेगळं दाबतो? टीके हे सगळे क्लिक रांगेत जपून ठेवतं आणि मोकळं झालं की एकेक इमाने इतबारे पोचवतं. एका किटलीच्या तीन नोंदी, तीन चिठ्ठ्या.

मी फोनवरच म्हणालो, मामी, सोपं आहे, दाबलं की बटण डिसेबल करतो, काम झालं की परत चालू, उद्या फाइल पाठवतो. पाठवली. दुसऱ्या दिवशी परत तीन चिठ्ठ्या. हे मला खरंच कळेना. मग बसून डोकं लावलं तेव्हा उजेड पडला. बटण बंद मी फंक्शनच्या पहिल्या ओळीत करतोय आणि चालू शेवटच्या ओळीत, पण रांगेतले क्लिक तर फंक्शन संपल्यावर येणार, आणि तोवर मी दार उघडून ठेवलेलं. शिवाय बंद केल्याचा तो फिका रंगसुद्धा दिसत नाही, कारण रंगवायला टीकेला वेळच मिळाला नाही. म्हणजे मी बटण बंद केलं होतं हे फक्त मला माहीत. मग बंद केल्या केल्या अपडेट आयडलटास्क्स म्हणून एक आहे त्याने खिडकी रंगवून घेतली, आणि परत चालू करायचं काम आफ्टरला दिलं, अर्ध्या सेकंदाने कर म्हणून. त्या अर्ध्या सेकंदात रांगेतले उरलेले क्लिक बंद दारावर आपटून संपतात. खरं म्हणजे प्रिंटरचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे बाजूला समांतर चालणाऱ्या वाटेवर, टाकायला हवं होतं, नंतर टाकलं पण, पण थ्रेडमधून टीकेच्या खिडकीला हात लावायचा नसतो, हे मी ठेच खाऊन शिकलो.

चिठ्ठी एकच यायला लागली. तरी मामीचं समाधान नाही. म्हणाली, "रंग उडतो त्याचा, पर मी त्याच्याकडं बघत बसू का किटलीकडं?" आणि मग तिनेच सांगितलं, "मतदानाच्या मशीनवानी कर की. पीं वाजल्याबिगार कळतंय व्हय मत गेलं का न्हाई ते."

मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, रांगेत उभं राहून मतही देतोय, पण असं कधी बघितलं नव्हतं त्या मशीनकडे. मतदाराच्या समोरच्या युनिटवर सगळी निळी बटणं, पण ती आधी बंद असतात. टेबलावरचा अधिकारी त्याच्याकडच्या कंट्रोल युनिटवर बॅलट नावाचं बटण दाबतो तेव्हा ती एका मतापुरती जिवंत होतात. तुम्ही एक दाबता, चिन्हाशेजारी लाल दिवा, लांब बीप, आणि पुन्हा सगळी बंद, मग तुम्ही कितीही दाबा, पुढचं बॅलट होईपर्यंत काही नाही. म्हणजे डिसेबल्ड (बंद), नॉर्मल (चालू), एकदाच काम, दिसणारी खूण, ऐकू येणारी खूण, सगळं त्या मशीनमध्येच. केरळात परूरच्या विधानसभा निवडणुकीत १९८२ मध्ये ही मशीनं पहिल्यांदा वापरली, टीकेच्याही आधी. आणि बाहेर उभ्या माणसालाही बीप ऐकू येतो, त्याला कळतं आता आपला नंबर.

आमची आजी, म्हणजे मामाची आई, लाईटच्या बटणाला अजून खटका म्हणते. "खटका दाब रं पोरा." मला तो शब्द लहानपणी गावंढळ वाटायचा. गुंडी शर्टाची, कळ मशीनची, बटण शहरातलं, आणि खटका आजीचा. पण खटका ह्या शब्दातच आवाज आहे ना, खट् झालं म्हणजे दाबलं गेलं, बल्ब उडालेला असला तरी तुमच्या बाजूचं काम झालं हे बोटाला आणि कानाला कळलं. स्क्रीनवरच्या बटणाचा खट् कुणीतरी बसून मुद्दाम लिहावा लागतो. मी तो लिहिला नव्हता. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग बटण कशाला म्हणायचं त्याला.

टीकिंटरमध्ये बेल नावाचं फंक्शन आहे, एका ओळीचं. मामाच्या जुन्या डेस्कटॉपच्या पोटातला स्पीकर चालू होता, त्याने पीं केलं. आधी नोंद लिहून झाल्यावर एकदा वाजवत होतो, मामीने बदलायला लावलं, दाबल्याबरोबर वाजव म्हणाली, चिठ्ठी आलेली मला दिसतेच. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून दारातली माणसं पीं वाजलं की आपोआप पुढे सरकतात, कुणाला सांगावं लागत नाही.

मग मामीने माऊस सोडला. ओल्या हाताला माऊस निसटतो, आणि कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे तिला कॅल्क्युलेटरसारखे वाटतात. नंबर टाकायचा, टॅब, लिटर, टॅब, फॅट, टॅब, डिग्री (लॅक्टोमीटरवरची), आणि शेवटी 'नोंद' बटणावर आली की एंटर. एंटरने काही होईना. टीकेच्या ह्या जुन्या बटणावर फोकस असताना स्पेसबार चालतो, एंटर चालत नाही, तो तुम्हाला स्वतः बांधावा लागतो, आणि आकड्यांच्या बाजूचा एंटर म्हणजे वेगळीच कळ, तिला वेगळं बांधायचं. मी नुसता मोठा एंटर बांधला आणि मामी दाबतेय छोटा. ह्यात परत दोन फोन. ती पंचवीस आकड्यांची ग्रिड त्याच आठवड्यात काढून टाकली, तिच्या जागी एक साधा चौकोन नंबर टाकायला. आण्णांना वाईट वाटलं.

मामा मात्र माऊसवालाच. त्याची एक सवय मला नंतर कळली. तो बटण दाबतो, दाबून धरतो, विचार करतो, आणि मन बदललं तर बोट न उचलता माऊस बाजूला ओढून मग सोडतो. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याने स्वतः शोधलं की असं केलं तर काही होत नाही. टीकेचं बटण दाबल्यावर काम करतच नाही, सोडल्यावर करतं, आणि तेही सोडताना माऊस बटणावरच असेल तर. दाबणं आणि सोडणं ह्याच्यामध्ये माणसाला थोडी जागा ठेवलीय. मी एवढा कोड लिहून हे कधी वापरलं नव्हतं. मामा दहा दिवसांचं बिल फायनल करताना दाबून धरतो, खिडकीतून बाहेर बघतो, कुणाची उचल वळती करायची राहिलीय का आठवतो, आणि मग सोडतो. सोडल्यावर पीं.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मामीने नवीन मागणी काढली, "एक चुकलं म्हनून बटान दे." चुकीची नोंद पडली तर काढायला. मी शहाण्यासारखं केलं, बटण सगळ्यात कोपऱ्यात, छोटं, टॅबच्या वाटेवर येणार नाही असं, आणि दाबलं की एक खिडकी, 'खरंच काढू का?', हो आणि नाही, आणि आधीपासून निवड 'नाही'वर. पुस्तकात असंच सांगतात. मामीने एकदा दाबलं, ती खिडकी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "चुकलं म्हनतीय मी. परत खरंच का म्हनून इचारतंय व्हय? घरात हाईत की तसं इचारनारी."

मामा वहीत डोकं घालून बसला.

ती खिडकी काढली. वही मागवली, जुनी, कॉम्प्युटरच्या आधीची. मामी चुकलेलं कधी खोडत नव्हती, त्याच्यावर एक आडवी रेघ मारायची, आकडा खालून वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबरचा लिहायची. दुसऱ्या दिवशी एखादा वाद घालायला आला तर वही पुढे करायची. टीकेच्या फॉन्टला ओव्हरस्ट्राइक नावाचा ऑप्शन असतो, मी तो ह्याआधी कधी कुठे वापरला नव्हता. आता चुकलं दाबलं की नोंद जात नाही, यादीत तिच्यावर रेघ येते आणि बेरजेतून ती वगळली जाते. परत दाबलं की रेघ निघते. चुकलं ह्या शब्दाला वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, त्यामुळे त्याचं चित्रही काढावं लागलं नाही.